जाड तेलाचा इलाज

जनरल मोटर्स या अमेरिकन मक्तेदार कंपनीने एप्रिल 2025 मध्ये आपली सुमारे 7 लाख 21 हजार वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली. त्यांपैकी 5 लाख 97 हजारांहून अधिक वाहने एकट्या अमेरिकेतील होती. ही काही झिजून मोडकळीस आलेली जुनी वाहने नव्हती. शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या पिकअप ट्रकांची, तसेच टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड या अवजड मोटारींची 2021 ते 2024 सालची मॉडेले त्यांत होती. दोष होता 6.2 लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनात. क्रँकशाफ्ट ठरल्या मापाचा नाही, त्याचा पृष्ठभाग हवा तसा गुळगुळीत नाही, आणि कनेक्टिंग रॉडमध्ये व तेलाच्या वाहिन्यांत गाळ राहून गेलेला, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा परिणाम असा की, भर रस्त्यात चालत्या गाडीचे इंजिन जाम होऊ शकते. अमेरिकेत या दोषाशी संबंध असण्याची शक्यता असलेल्या 28 हजारांहून अधिक तक्रारी व घटना कंपनीच्याच दप्तरात जमा झाल्या होत्या.

परंतु या प्रकरणातील खरा बोध दोषापेक्षा त्यावरील उपायात आहे. ज्या ट्रकांच्या तपासणीत दोष आढळेल त्यांचे इंजिन दुरुस्त केले जाईल किंवा बदलले जाईल, आणि जे ट्रक तपासणीत उत्तीर्ण होतील त्यांच्यात अधिक जाड तेल घालून, तेलाची चाळणी बदलून आणि टाकीला नवे झाकण बसवून ते मालकाच्या हवाली केले जातील, असे कंपनीने जाहीर केले. पूर्वी ज्या इंजिनाला पातळ तेल योग्य असल्याचे हीच कंपनी सांगत होती, त्याच इंजिनाला आता जाड तेल योग्य ठरले! यंत्रशाळेत जन्म काढलेला कोणताही फिटर याचा अर्थ सांगू शकेल. जे काम धातूने करावयाचे ते धातूने केले नाही, म्हणून ते तेलाकडून करवून घेण्याचा हा प्रकार आहे.

पिकअप ट्रक ही अमेरिकेत केवळ हौसेची वस्तू नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. फोर्ड कंपनीने 1925 साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागे माल ठेवण्याचा हौदा जोडून ती 281 डॉलरला विक्रीस काढली. तेव्हापासून शेतकरी, सुतार, गवंडी, नळकाम करणारे कारागीर, छोटे कंत्राटदार यांचे ते उत्पादनाचे साधन बनून राहिले आहे. आपल्याकडे भाजीपाला आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअपचे किंवा ‘छोटा हत्ती’चे जे स्थान आहे, तेच मुळात तिकडे या ट्रकचे होते. फरक एवढाच की, गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकन मक्तेदारांनी या कामाच्या गाडीची मोठी, उंच आणि महाग चैनीची गाडी करून टाकली. आज पूर्ण आकाराच्या नव्या पिकअपला सरासरी 60 हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात. सहा-सहा, सात-सात वर्षांच्या हप्त्यांनी तो घेतला जातो. अमेरिकन जनतेच्या डोक्यावरील वाहनकर्जाचा बोजा 1600 अब्ज डॉलरच्या वर गेलेला आहे. ज्या सुताराचा ट्रक तिसऱ्या वर्षी रस्त्यात बंद पडतो, त्याच्या डोक्यावर आणखी चार वर्षांचे हप्ते शिल्लक असतात. आणि गाडी कारखानदाराच्या आवारात उभी असते त्या दिवसांची त्याची मजुरी तर बुडतेच.

हा एकाच कंपनीचा अपघात आहे काय? तसे म्हणता येत नाही. ज्या जपानी कंपनीच्या दर्जाचे पोवाडे व्यवस्थापनशास्त्राचे पंडित गेली पन्नास वर्षे गात आले, त्या टोयोटानेही मे 2024 मध्ये अमेरिकेत आपली सुमारे 1 लाख 2 हजार वाहने परत बोलावली, आणि त्यांत बहुतांश तुंड्रा पिकअप होते. टिकाऊपणाबद्दल नावाजलेले जुने 5.7 लिटरचे इंजिन काढून त्याजागी सहा सिलिंडरांचे दोन टर्बो लावलेले इंजिन 2022 च्या मॉडेलपासून घालण्यात आले. धातूच्या कातकामात निघालेला कचरा या इंजिनांत तसाच राहून गेला होता. तो मुख्य बेअरिंगला चिकटतो, भाराखाली बेअरिंग निकामी होते आणि इंजिन ठोके देत बंद पडते. कंपनीला अखेर ही इंजिने सबंधच्या सबंध बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला. प्रकरण एवढ्यावर मिटले असे वाटत असतानाच नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी सुमारे 1 लाख 27 हजार वाहनांची भर पडली.

इंजिनाचा ठोकळा कातून झाल्यावर तो धुणे, त्यातील तेलाच्या वाटा हवेच्या झोताने साफ करणे आणि मगच तो पुढे पाठवणे हे या धंद्यातील अगदी प्राथमिक काम आहे. पिंपरी-चिंचवडपासून पिथमपूरपर्यंत कोणत्याही यंत्रशाळेतील उमेदवार कामगाराला पहिल्या महिन्यात ते शिकवले जाते. त्याला असामान्य बुद्धी लागत नाही. वेळ लागतो, माणूस लागतो, आणि काम पुरते झाले नसेल तर माल अडवून धरण्याचा अधिकार असलेला तपासनीस लागतो. या तिन्ही गोष्टी भांडवलदाराच्या खतावणीत खर्चाच्या बाजूला मांडलेल्या असतात.

टेस्ला या कंपनीचे उदाहरण तर एखाद्या प्रहसनात शोभेल असे आहे. तिच्या ‘सायबरट्रक’चे 3,878 नग एप्रिल 2024 मध्ये परत बोलावण्यात आले, कारण वेग देणाऱ्या पायपट्टीवरचे आच्छादन निसटून पट्टी दाबलेल्या स्थितीतच अडकू शकत होती. आच्छादन चटकन बसावे म्हणून जुळणीच्या वेळी साबण वापरला गेला होता आणि त्या बदलाला कोणाचीही मंजुरी नव्हती, असे कंपनीच्या अहवालातच नमूद आहे. पुढे मार्च 2025 मध्ये याच ट्रकचे 46 हजारांहून अधिक नग परत आले. या वेळी कारण असे होते की, बाहेरील पोलादी पट्टी ज्या गोंदाने चिकटवली होती तो ठिसूळ होऊन पट्टी धावत्या गाडीवरून उडून जाऊ शकत होती. पोलादी किल्ल्यासारखी म्हणून विकलेली गाडी साबणाने आणि गोंदाने जोडलेली निघावी, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. मात्र साबणाच्या गोष्टीत एक मुद्दा आहे. साबण कामगाराला घरून आणण्याची हौस नसते. सुटा भाग सहज बसत नाही, पट्टा थांबत नाही, आणि मागची गाडी पुढे सरकत येते, तेव्हाच कोठल्याही कारखान्यात असल्या युक्त्या जन्माला येतात. त्या बिनमंजुरीच्या असतात एवढेच नोंदवून व्यवस्थापन मोकळे होते. त्याच एप्रिल महिन्यात या कंपनीने जगभरातील आपल्या दहा टक्क्यांहून अधिक नोकरांना कामावरून काढण्याचा निर्णय जाहीर केला, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही.

फोर्डने 2025 या एका वर्षात दीडशेहून अधिक वेळा वाहने परत बोलावून उच्चांक केला. यापूर्वीचा उच्चांक 2014 साली जनरल मोटर्सच्या नावावर होता, 77 चा. मागील बाजूच्या कॅमेऱ्यातील दोषाबाबत वेळेवर कार्यवाही केली नाही म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये फोर्डवर 16 कोटी 50 लाख डॉलरचा दंडही बसला होता.

येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परत बोलावलेल्या वाहनांची संख्या हे काही दर्जाचे निर्दोष माप नव्हे. आज गाडीत संगणकाचे जाळे आहे, त्यातील आज्ञावलीतला लहानसा दोषही ‘परत बोलावणे’ म्हणून मोजला जातो, आणि 2014 च्या प्रकरणानंतर कंपन्या कागदोपत्री अधिक सावध झाल्या आहेत. जुने ते सर्व सोने, असेही नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे अमेरिकन ट्रक पाच-सहा हिवाळ्यांत गंजून जात. आजचा पत्रा त्या मानाने कितीतरी टिकतो. तंत्रविद्या पुढे गेली आहे, यात शंका नाही. परंतु म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो: मायक्रॉनपर्यंत माप घेणारी यंत्रे हाताशी असताना क्रँकशाफ्ट मापाबाहेरचा का निघतो?

भांडवली वृत्तपत्रांपाशी याची उत्तरे तयार असतात. एक उत्तर सरकारी नियमांना दोष देते. इंधन वाचवण्याच्या सक्तीमुळे कंपन्यांना नाजूक, गुंतागुंतीची इंजिने आणि पातळ तेल वापरावे लागले, असे हे प्रतिपादन आहे. त्यात थोडे तथ्य असेलही. लहान इंजिनातून मोठी शक्ती काढावयाची तर सुट्या भागांवरचा ताण वाढतो. परंतु नियमाने क्रँकशाफ्ट खडबडीत ठेवण्यास किंवा ठोकळ्यात कचरा ठेवण्यास सांगितलेले नव्हते. शिवाय 1975 च्या कायद्यापासून या ‘हलक्या ट्रकांना’ मोटारींपेक्षा सैल निकष लावण्यात आले, आणि त्या सवलतीच्या आश्रयानेच कंपन्यांनी ग्राहकाला मोटारीवरून ट्रककडे वळवले. जुलै 2025 च्या कायद्याने तर हे निकष मोडल्याबद्दलचा दंडच शून्यावर आणला. आता ही सबब पुढे करण्यास जागा उरलेली नाही.

दुसरे उत्तर कामगाराला दोष देते. तो आळशी झाला, त्याला पगार फार, युनियनने त्याला बिघडवले, ही जुनीच रड आहे. पण तुंड्रा ज्या सान अँटोनिओ येथे जुळवला जातो, तेथे युनियनच नाही. टेस्लाच्या अमेरिकेतील कारखान्यांतही नाही. युनियन असलेल्या कारखान्यातही दोष आणि नसलेल्या कारखान्यातही दोष, तर मग कारण युनियनमध्ये कसे असेल?

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसावरील प्रकरणात, लंडनच्या पावभट्ट्यांची हकिकत दिली आहे. पावात तुरटी आणि वाळू मिसळली जात असल्याचे सरकारी चौकशीत उघड झाले, आणि त्याच चौकशीत हेही उघड झाले की, पाव बनवणारा कामगार रात्रभर राबवला जात होता. स्वस्त पाव विकून प्रतिस्पर्ध्याला मारणारा मालक एका हाताने पिठात भेसळ करी आणि दुसऱ्या हाताने कामगाराचे न दिलेल्या मजुरीचे तास लाटी. लोकांचे लक्ष आधी आपल्या ताटाकडे गेले. पावामागच्या माणसाकडे ते फार उशिरा वळले. मालाचा दर्जा आणि कामगाराची अवस्था या दोन निरनिराळ्या तक्रारी नसून एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, हे त्या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच कोठे मांडले गेले असेल.

डेट्रॉइटमध्ये हा व्यवहार कसा चालला ते पाहण्यासारखे आहे. 2007 च्या करारात तीन बड्या कंपन्यांनी दुहेरी वेतनश्रेणी लादली. जुन्या कामगाराला तासाला सुमारे 28 डॉलर, तर त्याच पट्ट्यावर, त्याच्याच शेजारी, तेच काम करणाऱ्या नव्या कामगाराला 14 डॉलर! 2009 च्या दिवाळखोरीत महागाईभत्ता थांबवण्यात आला. त्यानंतर ‘तात्पुरत्या’ कामगारांची तिसरी श्रेणी फोफावली. तात्पुरता म्हणवला जाणारा माणूस वर्षानुवर्षे तात्पुरताच राहू लागला. ज्याला उद्या कामावर ठेवतील की नाही याची शाश्वती नाही, तो ‘हा भाग नापास आहे, पट्टा थांबवा’ असे कोणाच्या बळावर म्हणणार? जुना कारागीर निवृत्त होताना जे ज्ञान हातात घेऊन जातो ते शिकण्यासाठी नवा माणूस टिकावा लागतो. अर्ध्या पगारावर तो टिकत नाही.

याविरुद्ध 15 सप्टेंबर ते 30 ऑक्टोबर 2023 या काळात युनायटेड ऑटो वर्कर्सने तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप केला. हा संप पिकअप ट्रकच्या नाडीवर बोट ठेवून लढवला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य होते. 11 ऑक्टोबरला केंटकी ट्रक कारखान्यातील 8,700 कामगार बाहेर पडले. 23 ऑक्टोबरला रॅम ट्रक जुळवणाऱ्या स्टर्लिंग हाइट्स कारखान्यातील 6,800 कामगार. मालकांचा नफा जेथे तयार होतो तेथेच बोट ठेवल्याबरोबर काही दिवसांत तडजोड झाली. एप्रिल 2028 पर्यंत 25 टक्के पगारवाढ, महागाईभत्त्याची पुनःस्थापना आणि सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोचण्याची आठ वर्षांची वाट तीन वर्षांवर, एवढे पदरात पडले. निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र सुटला नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

जनरल मोटर्सच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे अमेरिका व कॅनडातील नव्या करारांचा 2028 पर्यंतचा बोजा 9.3 अब्ज डॉलर होता. या बोज्याने कंपनी किती वाकली? संप मिटून महिना होत नाही तोच, 29 नोव्हेंबर 2023 रोजी तिने 10 अब्ज डॉलर खर्चून स्वतःचेच भाग बाजारातून परत विकत घेण्याचे जाहीर केले. हजारो कामगारांना साडेचार वर्षांत जे मिळावयाचे, त्याहून अधिक रक्कम भागधारकांच्या ओंजळीत एका घोषणेने टाकण्यात आली. पुढे 2024 च्या जूनमध्ये आणखी 6 अब्ज आणि 2025 च्या फेब्रुवारीत आणखी 6 अब्ज. क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग तपासण्यासाठी पैसा नव्हता, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

भांडवलदाराच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही. दोषाची किंमत तो आधीच धरून चाललेला असतो. माल बाहेर गेला की विक्री या तिमाहीत नोंदली जाते, दुरुस्तीचा खर्च नंतरच्या एखाद्या तिमाहीत येतो आणि भागाचा भाव मधल्या काळात वाढतो. 2024 च्या दुसऱ्या तिमाहीत फोर्डचा हमी-दुरुस्तीचा खर्च त्याआधीच्या तिमाहीपेक्षा 80 कोटी डॉलरनी वाढला, तेव्हा भागबाजारात हलकल्लोळ झाला. तोपर्यंत मात्र सर्व कुशल होते. या गणिताचे टोक जनरल मोटर्सच्याच इग्निशन स्विचच्या प्रकरणात दिसले. एका डॉलरहूनही कमी खर्चात बदलता येण्याजोग्या भागाचा दोष कंपनीत वर्षानुवर्षे ठाऊक होता. 2014 मध्ये तो उघडकीस आल्यानंतर भरपाईच्या निधीने 124 मृत्यू मान्य केले.

मुक्त स्पर्धा असती तर असा माल टिकला नसता, असे यावर उदारमतवादी अर्थशास्त्री म्हणतील. तर मग त्यांनी 1964 पासून चालू असलेल्या ‘कोंबडी-जकाती’चा खुलासा करावा. पश्चिम युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी प्रत्युत्तरादाखल बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के आयात-जकात लावली. कोंबड्यांचे भांडण इतिहासजमा झाले, बाकीच्या वस्तू त्या यादीतून गळाल्या, पण ट्रकवरची जकात साठ वर्षे उलटूनही कायम राहिली! तिसऱ्या जगाला खुल्या बाजाराचा उपदेश करणाऱ्या देशाने आपल्या सर्वांत फायदेशीर वाहनाभोवती अशी तटबंदी उभारली आहे. तटाच्या आत मूठभर मक्तेदार सुखाने नांदतात, आणि ज्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने त्यांच्यावर पहारा ठेवावयाचा, त्याच्याच कर्मचाऱ्यांवर 2025 मध्ये कपातीची कुऱ्हाड चालवण्यात आली.

समाजवादी देशांतील मालाच्या दर्जाची आठवण येथे कोणी करून देईल. ती आठवण टाळण्याचे कारण नाही. नगांच्या संख्येवर योजना पुरी झाल्याचे मोजले जात असल्याने सोव्हिएत कारखान्यांतही महिनाअखेरीची घाई आणि सदोष माल ही गंभीर समस्या होती. 1987 मध्ये तेथे ‘गोसप्रियोम्का’ ही राज्याच्या स्वतंत्र तपासनीसांची पद्धत सुरू करावी लागली, आणि कामगारांचे बोनस त्यात बुडाल्याने ती अप्रियही झाली. ती चूक नियोजनातील होती आणि तिची चर्चा मोकळेपणाने झाली पाहिजे. पण तेथे सदोष मालावर कोणा भागधारकाची तिजोरी भरत नव्हती.

मक्तेदार भांडवलाने कामगारांना सीमेच्या दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा खेळ नेहमीच खेळला आहे. सिल्व्हराडो ट्रक मेक्सिकोतील सिलाओ येथेही बनतात, आणि तेथील मजुरी अमेरिकन मजुरीचा लहानसा अंश असते. 2019 मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सचे कामगार चाळीस दिवस संपावर असताना सिलाओच्या काही कामगारांनी त्यांना पाठिंबा म्हणून जादा वेळ काम करण्यास नकार दिला आणि त्यापायी त्यांतील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांचा तो त्याग वाया गेला नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये सिलाओच्या कामगारांनी मालकधार्जिण्या युनियनने केलेला करार मतदानाने फेटाळला आणि 2022 च्या फेब्रुवारीत ‘सिन्तिया’ या स्वतंत्र युनियनला मोठ्या बहुमताने निवडून दिले.

याच कंपनीची ओळख महाराष्ट्रातील कामगारांनाही आहे. तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन तिने डिसेंबर 2020 मध्ये बंद केले. कायम कामगारांनी न्यायालयापासून रस्त्यापर्यंत दीर्घ झुंज दिली, आणि कारखाना पुढे ह्युंदाई कंपनीच्या मालकीचा झाला. सदोष वाहन परत बोलावण्याची सक्ती आपल्या कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आली व 2021 मध्ये तिचे नियम अमलात आले. पण कायद्याचा हात तयार गाडीपर्यंतच पोचतो. ती ज्याने जुळवली त्या कंत्राटी, ‘प्रशिक्षणार्थी’ किंवा मुदतबंद कामगारापर्यंत तो जात नाही. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू करण्यात आलेल्या चार श्रमसंहितांनी तर मुदतबंद नोकरीवर सरकारी शिक्काच मारला आहे. चाकण, साणंद, मानेसर आणि पिथमपूर येथे काम करणाऱ्या साथींनी डेट्रॉइटच्या दुहेरी वेतनश्रेणीची हकिकत परदेशाची बातमी म्हणून वाचू नये.

अमेरिकन कामगारांचा सध्याचा करार 30 एप्रिल 2028 रोजी संपतो. तारीख जाणूनबुजून निवडलेली आहे. इतर युनियनांनीही आपापल्या करारांची मुदत त्याच दिवशी संपेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मे दिनी, सर्वांना एकत्र बाहेर पडता येईल, असे आवाहन युनायटेड ऑटो वर्कर्सने केले आहे.